दोघांचा एक दिवस, विजापुरात

मैत्रिणींनो, लग्नाला दहा-बारा वर्षं झाली की ‘आम्ही दोघंच’ हे शब्द घरातून हळूच नाहीसे होतात. सहल ठरली तरी मुलं, नणंदेची मुलं, पाण्याच्या बाटल्या, चिवड्याचा डबा असा सगळा संसार बरोबर निघतो. डोकी मोजण्यात आपला दिवस जातो आणि स्थळ कसं होतं ते फोटोत पाहून कळतं! म्हणून म्हणते, वर्षातून एक दिवस फक्त नवराबायकोनं बाहेर पडावं. आम्हा सोलापूरकरांना त्यासाठी विजापूर अगदी सोयीचं. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. सकाळी लवकर निघून रात्री घरी परत. 2014 पासून त्याचं नाव विजयपुर झालं आहे, पण आपल्या तोंडी अजून विजापूरच.

पहिली तयारी घरातली, आणि तीच अवघड. सासूबाईंना ‘शाळेचं काम आहे’ अशी थाप मारू नका. मी सरळ सांगितलं, “आई, आम्ही दोघं एक दिवस विजापूरला जाऊन येतो. मुलं तुमच्याजवळ ठेवू ना?” त्या तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं, रागावल्या. मग म्हणाल्या, “आमच्या वेळी असं विचारायची सोयच नव्हती गं. जा तुम्ही.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मला दिवसभर आठवत राहिलं.

दुसरं म्हणजे, डबा नेऊ नका. हो, मीच सांगते आहे! पहाटे चारला उठून धपाटी लाटली तर तो दिवस तुमचा कसला? विजापुरात खानावळीत ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्याची एण्णेगायी छान मिळते. सुती साडी, सपाट चपला, एक छत्री, एवढं पुरे. जायचं ते थंडीत आणि आडवारी, म्हणजे गर्दी कमी.

आता दिवसाची आखणी. हे शहर 1490 पासून 1686 पर्यंत आदिलशाहीची राजधानी होतं. शहाजीराजांनी याच दरबारात चाकरी केली. पाहण्यासारखं एवढं आहे, की सगळं एका दिवसात उरकायला गेलात तर नुसती धावपळ होईल. चारच ठिकाणं धरा आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जा.

सकाळी पहिला गोलघुमट. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास 44 मीटर, आणि आत आधाराला एकही खांब नाही! कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून अरुंद जिना वर सज्जात जातो. इथं भिंतीशी पुटपुटलेला शब्द समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतो. शाळेच्या मुलींना घेऊन मी इथं दोनदा आले होते, पण तेव्हा कानावर पडल्या त्या नुसत्या शिट्ट्या. म्हणून दार उघडल्याबरोबर जावं.

आमचे हे मुळात अबोल. घरात सात माणसं; मला हाक मारायची ती ‘अगं ऐक’ एवढीच. त्या सकाळी ते पलीकडे जाऊन उभे राहिले. मी भिंतीला कान लावला. आधी माझं नाव आलं. मग, “पाय दुखतात का गं?” बस्स, एवढंच. पण बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लगेच उत्तर द्यायला मला जमेना.

तिथून बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहानं आपल्या कबरीसाठी काढलेलं हे बांधकाम पुरं झालंच नाही. 1672 मध्ये तो गेला आणि नुसत्या उघड्या कमानी आकाशाखाली उभ्या राहिल्या. ‘मुलं मोठी झाली की फिरू’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकीनं इथं पाच मिनिटं बसावं.

जेवून थोडी विश्रांती घ्या, मग बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ पाहा. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे 55 टन. तोफा पाहताना नवरे मंडळी बोलकी होतात, तेव्हा त्यांना बोलू द्या!

शेवट मात्र इब्राहीम रोजा इथंच करा. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातली, 1626 ची ही वास्तू राणी ताज सुलताना हिच्यासाठी आखली होती. पुढं राजाही तिथंच विसावला. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर रोजा आणि मशीद, मध्ये हौद. उतरत्या उन्हात दगडावरची नक्षी उठून दिसते. इथं पुढचा कार्यक्रम ठेवू नका. मोबाइल पर्समध्ये टाका आणि नुसतं बसा. मुलांच्या फिया, गॅसचा नंबर हे विषय मात्र त्या दिवशी वर्ज्य, बरं का!

खर्चासाठी भिशीतले थोडे पैसे वेगळे काढले तरी भागतं. आणि एक करा. परत आल्यावर सासूबाईंना विचारा, “आई, तुम्हाला कुठं जायचंय?” आमच्या घरी पंढरपूर ठरलं आहे. फक्त त्या आणि मामंजी. मुलं आमच्याकडे!