दयासागर: बिदर ते गाणगापूर

लातूर रोडहून निघालेली गाडी उदगीर मागे टाकून कमलनगरच्या बाजूस लागली, की शेतांतील काळी माती ठिकठिकाणी तांबूस होऊ लागते, आणि भालकी ओलांडल्यावर, बहामनी सुलतानांनी ज्याच्या कडेवर आपली राजधानी वसविली ते जांभ्या दगडाचे पठार दृष्टीस पडते. स्थानकांवरील पाट्या कानडी झालेल्या असतात; परंतु डब्यातील बोलणे मराठीतून कानडीत, कानडीतून दखनीत आणि दखनीतून पुन्हा मराठीत इतक्या सहजतेने ये-जा करीत असते, की सरहद्द नेमकी कोठे ओलांडली हे प्रवाशाला कळू नये. निजामाच्या अमलात हा सारा मुलूख एकाच बिदर जिल्ह्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि उरलेला जिल्हा म्हैसूरच्या वाट्यास आला. दप्तरे तीन ठिकाणी गेली. सोयरिकी, बाजार आणि जत्रा यांची वाटणी मात्र झाली नाही.

ज्या चित्रपटाच्या मागावर मी या बाजूस आलो होतो, तोही अशाच वाटल्या न गेलेल्या वस्तूंपैकी एक आहे. १९७८ च्या अखेरीस ‘करुणामयुडु’ या नावाने तेलुगूत पडद्यावर आलेला, पुढे हिंदीत ‘दयासागर’ झालेला आणि कालांतराने अनेक भारतीय भाषा बोलू लागलेला हा येशू ख्रिस्ताचा चरित्रपट, चित्रपटगृहासारख्या बंदिस्त जागेत पाहिला गेला त्याहून किती तरी अधिक गावोगावच्या पटांगणांत, दोन बांबूंना ताणलेल्या पांढऱ्या कापडावर पाहिला गेला. जाणत्यांच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते. मला मात्र भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील एक मोठे वर्तुळ या चित्रपटाने पुरे केले असे वाटत आले आहे, आणि त्या वर्तुळाचा शोध बिदरसारख्या तिठ्यावर घ्यावा अशी इच्छा होती.

बिदरमध्ये पावले प्रथम महमूद गावानच्या मदरशाकडे वळतात. गीलानहून आलेल्या या थोर वजिराने १४७२ मध्ये उभारलेली ही वास्तू, इराणी धाटणीच्या रंगीत फरशांचे अवशेष अंगावर वागवीत, आज अर्धीच उभी आहे. १६९६ मध्ये, मोगलांच्या अमलात, दारूगोळ्याचा स्फोट होऊन तिचा एक मनोरा आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा कोसळला. जिच्या विद्येच्या कीर्तीने दूरदूरचे पंडित येथे आले, त्या वास्तूच्या निर्मात्याला १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे स्वतःच्याच सुलतानाने देहान्त शिक्षा दिली, ही हकिकत तेथे उभे राहून आठवताना आजही मन विषण्ण होते.

याच गावानच्या वजिरातीत बिदरच्या बाजारपेठेत एक ख्रिस्ती मनुष्य वावरत होता. रशियातील त्वेर शहराचा तो व्यापारी, अफानासी निकितीन, चौलच्या बंदरात उतरून, जुन्नरास पावसाळा काढून येथवर आला होता. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्मांतर केल्यास तो परत मिळेल अशी अट घातली. एका खुरासानी सरदाराच्या रदबदलीमुळे तो प्रसंग टळला. भारतात पोहोचण्यापूर्वीच लुटारूंनी त्याचे धर्मग्रंथ लुबाडले होते, आणि ग्रंथ नसल्यामुळे ईस्टर केव्हा येतो, उपवास केव्हा धरावयाचे, हे त्याला समजेनासे झाले. नक्षत्रांच्या आधाराने तो सणांचा अंदाज बांधी आणि आपला हिशेब चुकत असेल या शंकेने व्याकूळ होई. त्याच्या प्रवासवृत्तान्तातील हे विलाप मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला गलबलून येते. ज्याच्यापाशी पोथी नाही, उपासनेस मंडळी नाही, अशा माणसाच्या मनात येशूचे चरित्र केवळ स्मरणातील चित्रांच्या रूपाने उरले असले पाहिजे. पुढे १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी निकितीनच्याच जीवनावर ‘परदेसी’ हा भारत-रशियाचा संयुक्त चित्रपट काढला आणि त्यात महमूद गावानची भूमिका पृथ्वीराज कपूर यांनी केली, हे येथे नमूद केले पाहिजे.

निकितीननंतर सुमारे चार शतकांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मेथॉडिस्ट मिशनने बिदरात पाय रोवला, आणि शहराच्या कोटाच्या मंगळपेठ दरवाजाचे नाव ल्यालेली मंगळपेठ ही आजही येथील ख्रिस्ती वस्तीची जागा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. मिशनचे पहिले श्रोते बव्हंशी गावकुसाबाहेरचे होते. ज्यांच्या स्पर्शाचाच नव्हे तर सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांना येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, शिष्यांचे पाय धुतले, या गोष्टी प्रथम ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना करू लागलो की शब्द अपुरे पडतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. चरित्र कानांनी यावयाचे, भजनातून यावयाचे, आणि पुढे ते पडद्यावरून आले.

रविवारची कानडी उपासना आटोपून मंडळी बाहेर पडत होती, तेव्हा एका वयोवृद्ध गृहस्थांशी माझे बोलणे झाले. माझी मराठी ऐकताच त्यांनी आपली भालकीकडची मराठी सुरू केली.

“काका, तुम्ही ‘दयासागर’ पाहिलात?” मी विचारले.

“पाह्यला म्हंजे? दर नाताळाला पाह्यला की. आमच्यातले, लिंगायत, मुसलमान, समदे येऊन बसायचे. आधी एक विलायती पिक्चर दावला होता. चांगला होता, पर त्याच्यात येसुस्वामी लांबच ऱ्हायला. ह्याच्यात आमच्याकडं बघून बोलला.”

या साध्या बोलण्यात चित्रपटकलेची एक फार मोठी जाण आहे. जॉर्ज स्टीव्हन्स यांचा १९६५ चा ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ घ्या: अमेरिकेतील युटाच्या अफाट दऱ्याखोऱ्यांत त्यांनी पॅलेस्टाइन उभे केले, मॅक्स फॉन सिडोसारखा समर्थ नट येशूच्या भूमिकेसाठी आणला, आणि भव्यतेत काही उणे ठेवले नाही, तथापि त्या भव्यतेत माणूस लहान होत जातो आणि करुणा दूर राहते. १९७९ चा ‘जीझस’ हा लूककृत शुभवर्तमानावर बेतलेला चित्रपट तर जगातील सर्वाधिक भाषांत उतरलेला चित्रपट आहे आणि मराठीतही तो पाहावयास मिळतो; त्याची शब्दनिष्ठा आदरणीय आहे, पण पडद्यावरील चेहरे परकेच राहतात. ‘करुणामयुडु’ची जातकुळी निराळी. त्याचे दिग्दर्शक ए. भीमसिंग हे तमिळ कौटुंबिक चित्रपटांचे सिद्धहस्त शिल्पकार. आपल्याकडील प्रेक्षक त्यांना ‘खानदान’, ‘आदमी’, ‘गोपी’ या हिंदी चित्रपटांवरून ओळखतात. जानेवारी १९७८ मध्ये ते निवर्तले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चित्रपट लोकांपुढे आला. येशूची भूमिका करणारे विजयचंदर हे आंध्रकेसरी टंगुटूरी प्रकाशम यांच्या कुळातील, जन्माने हिंदू. आणि याच नटाने पुढे १९८६ मध्ये तेलुगू चित्रपटात शिर्डीच्या साईबाबांची भूमिका केली. तेलुगू पौराणिक चित्रपटांनी दोन पिढ्या प्रेक्षकांना जे शिकविले होते, की देव पडद्यावर आला म्हणजे तो समोरून, डोळ्याला डोळा देऊन उभा राहतो, कथा थांबते आणि गाणे सुरू होते, आणि त्या थांबलेल्या क्षणात प्रेक्षकाने दर्शन घ्यावयाचे असते, ती सारी रीत या चित्रपटाने येशूच्या चरित्रासाठी निःसंकोचपणे स्वीकारली. क्रूस खांद्यावर घेऊन चाललेल्या येशूवरील गीत आंध्र-तेलंगणाच्या चर्चमध्ये आजही गाइले जाते.

आणि ही रीत मुळात आली कोठून? १९११ च्या सुमारास, ईस्टरच्या दिवसांत, गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्र्यंबकेश्वरच्या एका मराठी माणसाने येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखात दादासाहेब फाळके यांनी नमूद करून ठेवले आहे, की डोळ्यांपुढून ख्रिस्ताचे प्रसंग सरकत असताना मनश्चक्षूंपुढे मात्र राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. मग ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’. आणि त्या गंगोत्रीतून हिंदी, मराठी, तेलुगू, तमिळ पौराणिक चित्रपटांचा प्रचंड ओघ वाहू लागला. येशूचे चरित्र पाहून आपल्या देवांची चरित्रे पडद्यावर आणण्याची प्रेरणा झाली, आणि त्या चरित्रांनी घडविलेली भाषा घेऊन सहा-सात दशकांनी येशूचे चरित्र पुन्हा भारतीय पडद्यावर आले. फाळके यांनी घेतलेले ऋण दक्षिणेतील कलावंतांनी अशा रीतीने परत केले.

मराठी मनाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापलेले फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच आहे, आणि रेव्हरंड टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी पुरे केले तेही याच श्रद्धेने, की चरित्र ऐकणाऱ्याला ते त्याच्या ओळखीच्या चालीत ऐकू आले पाहिजे.

बिदरहून कलबुर्गीकडे जाणारा रेल्वेमार्ग २०१७ मध्ये खुला झाला. त्या वाटेवर हुमनाबादेस उतरून माणिकनगरला गेलो. माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) येथे सकलमत संप्रदाय स्थापिला; कोणत्याही मताची निंदा न करता सर्वांत एकच चैतन्य पाहावे ही त्यांची शिकवण, आणि त्यांची पदे मराठीत आहेत तशीच कानडीत आणि हिंदीतही आहेत. दत्तजयंतीचा उत्सव मार्गशीर्षात, म्हणजे बहुधा नाताळाच्या आगेमागेच येतो. ज्या मुलखात निजामाच्या राज्यातील मुसलमान प्रजाही प्रभूंच्या दर्शनास येत असे, त्या मुलखातील श्रोत्याला दुसऱ्याच्या सत्पुरुषाचे चरित्र ऐकण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यात आणि शरणबसवेश्वरांच्या देवळात हेच पुनः पुन्हा मनात येत राहिले. किल्ल्यातील १३६७ ची, संपूर्ण छप्पर घुमटांनी झाकलेली जामा मशीद पाहून मी दुपारच्या मोटारीने गाणगापूर गाठले.

भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर पारायणाला बसलेल्या मंडळींत लातूर, उस्मानाबाद, सोलापूरकडचे लोक पुष्कळ होते. ‘गुरुचरित्रा’तील प्रसंग आठवा: नरहरी नावाच्या कुष्ठी ब्राह्मणाने गुरूंच्या आज्ञेने औदुंबराच्या वाळल्या लाकडाला पाणी घातले, लाकडाला पालवी फुटली आणि तो रोगमुक्त झाला, मृत पती सती निघालेल्या स्त्रीला परत मिळाला, वैदुरानगरीच्या, म्हणजे याच बिदरच्या, मुसलमान राजाचे दुर्धर स्फोटक नृसिंहसरस्वतींच्या कृपेने बरे झाले. ज्यांच्या कानांवर हे संस्कार आहेत, त्यांना पडद्यावर लाजर थडग्यातून उठताना पाहून नवल वाटेल, पण परकेपणा वाटणार नाही.

परतीच्या मोटारीची वाट पाहताना शेजारी बसलेल्या उदगीरकडच्या एका वृद्ध बाईंना मी माझ्या प्रवासाचे कारण सांगितले. त्या तत्काळ म्हणाल्या, “त्यो पिक्चर मी अर्धा पाह्यलाय, भाऊ. आमच्या गावात लावला होता. त्या महारोग्याला हात लावला इथवर पाह्यलं अन् लाईट गेली. पुढं काय झालं त्याचं?”

मग मी त्यांना शिष्याची फितुरी, पिलाताचा दरबार, काट्यांचा मुकुट, क्रूस, आणि तिसऱ्या दिवशी रिकामे आढळलेले थडगे हे सारे क्रमाने सांगितले. मरीया मग्दालियेला बागेत झालेले दर्शन सांगत असता त्यांनी मला थांबविले.

“अन् आईला?”

“मावशी, आईच्या भेटीची नोंद शुभवर्तमानांत नाही.”

“भेटला असंल की! आईला भेटल्याबिगर कुठं जातंय लेकरू? लिवणाऱ्याचं ऱ्हायलं असंल. पर पिक्चरवाल्यानं तरी ते दावायला पाह्यजे.”