गिरणगावातली पंगत

मुंबईला पाहुणे आले म्हणजे त्यांना राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि गेटवे दाखवला की यजमानाचे कर्तव्य पार पडत असे. हल्ली तेवढ्याने भागत नाही. पाहुण्यांबरोबर कॉलेजात जाणारी मुले असतात, आणि ती हातातले सामान खाली ठेवायच्या आत विचारतात, "काकू, लोअर परळला जेवायला कधी जायचं?" सांगलीच्या नाहीतर नागपूरच्या या मुलांना मुंबादेवीचे देऊळ कुठे आहे ते सांगता येत नाही, पण कमला मिलच्या आवारात कुठे काय मिळते, याची यादी त्यांना तोंडपाठ असते.

मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांकडे माझे लक्ष जरा जास्तच जाते. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात गिरणगावाच्या साहित्याबद्दल बोलत होते. नारायण सुर्वे यांचे नाव निघाले, 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ साली आला हे सांगून झाले, आणि ओघात कमला मिलचा उल्लेख झाला. पुढच्या बाकावरच्या एका हुशार मुलीने विचारले, "मॅडम, तिथे सगळी हॉटेलंच आहेत, म्हणून त्याला 'मील' म्हणतात ना?" वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना गाडीत विचार आला, की पोरगी अगदीच चुकली असे कसे म्हणावे? त्या मिलने हजारोंना जेवू घातले होते. फरक इतकाच, की ज्यांनी ते जेवण रांधले त्यांच्या नावाची पाटी कुठेही लागली नाही.

ही पाटी निदान आपल्या मनात लावून घ्यावी आणि मगच लोअर परळला जेवायला जावे, एवढ्यासाठी हा लेख.

कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापडगिरणी काढायला घेतली. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत सुमारे ६० गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली ती बहुतेक एकेकटी. घरधनीण गावाला आणि धनी साच्यावर! अण्णाभाऊ साठे यांची गावाकडे राहिलेल्या मैनेची लावणी महाराष्ट्रभर गाजली, ती काही उगीच नव्हे. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जण राहात. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन आडवा होई. झोपेची सोय अशी पाळीपाळीने भागली. पण भुकेचे काय? तिथेच खाणावळ जन्माला आली. चाळीतली एखादी बाई, कधी विधवा, कधी नवऱ्याच्या पगारात न भागणारी, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा-वीस माणसांचे दोन वेळचे रांधू लागली. कोकण्याला भात आणि माशाचे कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत रस्सा. पैसे पगाराच्या दिवशी. तोवर सगळा कारभार वहीवर आणि विश्वासावर.

आता प्रत्यक्ष निघू या. शनिवारी सकाळी करी रोड स्टेशनावर उतरावे आणि पोटाला घाई असली तरी आधी पूर्वेला, लालबागकडे वळावे. भारतमाता सिनेमाच्या परिसरात 'लाडू सम्राट' आहे. तिथे मिसळ घ्यावी, कोथिंबीरवडी घ्यावी आणि नावाला जागून शेवटी एक लाडू घ्यावा. आसपास बसलेली मंडळी पाहावी. आजोबा नातवाला घेऊन आलेले असतात, बाजूच्या टेबलावर पोलिस खात्यातले दोघे असतात, कोपऱ्यात गणेशोत्सव मंडळाची बैठक चाललेली असते. लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ सालापासूनचे; तेव्हा इथे मंडळाच्या गोष्टी संपत नाहीत, हे ओघानेच आले.

जवळच चिवडा गल्ली आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात या गल्लीत शिरणे म्हणजे वासातून पोहत जाणे. पातळ पोह्यांचा, मक्याचा, डाळ्यांचा असे चिवड्याचे ढीग लागलेले असतात. 'घरचा तो घरचा' असे म्हणणाऱ्या आमच्या सासूबाईसुद्धा इथून दोन किलो आणतात आणि डबा बदलून ठेवतात. मसाल्याच्या दुकानांचा हंगाम मात्र उन्हाळ्याचा. एप्रिल-मे महिन्यांत बायका मिरच्या निवडून घेतात: रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी, अंगाला संकेश्वरी. धणे, दगडफूल, बडीशेप भाजून घ्यायची आणि समोर उभे राहून कुटून घ्यायची. प्रत्येकीचे प्रमाण वेगळे आणि प्रत्येकीचे प्रमाण हेच खरे! गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, पण वर्षाचा मसाला लालबागेतच करायचा ही रीत बोरिवली-डोंबिवलीला राहायला गेलेल्या लेकीसुनांनी अजून मोडलेली नाही.

जाता जाता एखाद्या गाडीवरचा वडापाव खायला हरकत नाही. वडापावाचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर, अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे सांगतात. पण तो वाढला गिरणगावात. पाळी सुटल्यावर गाडी पकडायच्या आत, उभ्याउभ्या, एका हाताने खाता येईल असे अन्न त्या माणसाला हवे होते. आज तोच वडापाव तशाच घाईत काचेच्या इमारतीतला कारकून खातो. त्याच्या गळ्यात ओळखपत्राची फीत असते, एवढाच फरक.

पुलावरून पश्चिमेला उतरले की ना. म. जोशी मार्ग लागतो. जुनी माणसे त्याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. १६० चौरस फुटांची खोली, बाहेर लांबलचक सामाईक व्हरांडा आणि टोकाला सामाईक मोऱ्या-संडास. माझी थोरली मावशी याच रस्त्यावरच्या एका चाळीत राहायची. तिची खाणावळ होती. मी पाहिली तेव्हा ती आटत आली होती. चौदा पानांवरून चार पानांवर आली होती. कारण मधे १९८२ साल होऊन गेले होते. त्या वर्षीच्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही.

संपात खाणावळवाल्यांनी काय केले, याची गोष्ट फार थोड्या ठिकाणी लिहिलेली आढळते. त्यांनी पाने वाढली. पगार नाही, म्हणून वहीत नुसते आकडे चढत गेले. आमच्या मावशीने आधी मासळी बंद केली, मग डाळ पातळ केली, मग हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. पण 'उद्यापासून येऊ नको' असे एकालाही म्हटले नाही. एकेक करून तेच गावी निघून गेले. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांतला एक जण राजापूरकडून आला, खांद्यावर तांदळाचे पोते आणि हातात फणस घेऊन. "मावशी, जुनं खातं मिटवायला आलोय," म्हणाला. मावशीने वही काढलीच नाही. "आधी जेव," म्हणाली.

या बायकांकडे पाहणारे एक माणूस त्याआधीच पुढे आले होते, हेही सांगायला हवे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. खाणावळ चालवायला धान्य उधार आणि पैसा सावकाराचा, त्यामुळे मिळकत सगळी व्याजात जाई. प्रेमाताईंनी या बायकांना एकत्र केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेऊन उभे केले. तारण काय, तर एकमेकींचा जामीन. खाणावळ हा 'घरातला उद्योग' नसून धंदा आहे आणि ती चालवणारी बाई कर्ज देण्याजोगी आहे, हे बँकेच्या कागदावर लिहिले गेले. मला ही गोष्ट एखाद्या काव्यसंग्रहाइतकीच मोलाची वाटते.

तशी खाणावळ आज उरली आहे का? उरली आहे, पण ती शोधावी लागते. याच रस्त्याजवळ तळमजल्यावरच्या एका खोलीत एक वहिनी जेवण करतात. दाराशी पाटी नाही. चपला किती आहेत त्यावरून गर्दी ओळखायची. मी गेले तेव्हा बांगड्याचे तिखले, मऊ भात, चवळीची उसळ, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असे पान होते. तिखल्याला त्रिफळांचा वास होता, आणि कालवण पुन्हा वाढताना वहिनींनी विचारले नाही, सरळ वाढले.

दुपारचे तीन वाजत आले होते. इतक्यात सात-आठ तरुण आत आले. कोणी बिहारचा, कोणी आसामचा, दोघे चिपळूणकडचे. काळी पँट, पांढरा सदरा. मी चौकशी केली. हे सगळे जवळच्या आवारातल्या मोठ्या हॉटेलांत वाढपी आणि स्वयंपाकघरातले मदतनीस! दुपारची गिऱ्हाइके उठली आणि संध्याकाळची यायची आहेत, त्या मधल्या तासात ते इथे जेवतात. "दुसऱ्या पाळीची पोरं," वहिनी म्हणाल्या. शब्दसुद्धा तोच! साचे गेले, पाळी राहिली. आणि पाळीच्या माणसाला जेवू घालणारी बाईही राहिली.

"आता चाळीच्या जागी टॉवर होणार म्हणतात. मग काय?" मी विचारले. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याची चर्चा इथेही घरोघर होती. वहिनींनी तवा उतरवला. "घर हवंच हो. घरात स्वतःचा संडास हवा, हे चाळीत म्हातारपण काढणाऱ्याला विचारा. पण अठराव्या मजल्यावर माझ्याकडे जेवायला कोण येणार? खालचा वॉचमन या पोरांना लिफ्टमध्ये चढू देईल?" मला उत्तर सुचले नाही. पानातली भाकरी मात्र संपवली.

संध्याकाळी कमला मिल गाठली. माझ्या भाच्याची नोकरी त्याच आवारात लागली आहे आणि पहिल्या पगाराची मेजवानी त्याने आम्हाला 'बॉम्बे कँटीन'मध्ये दिली. हे उपाहारगृह २०१५ साली सुरू झाले. मूळचे मुंबईचे आणि न्यूयॉर्कला नावारूपाला आलेले आचारी फ्लॉइड कार्डोझ यांचा त्यात मोठा वाटा. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीत ते गेले. आपल्याकडचे प्रांतोप्रांतीचे पदार्थ आणि भाजीपाला घेऊन त्यांना नवे रूप द्यायचे, ही तिथली रीत. मी नाक मुरडायच्या तयारीने गेले होते, पण प्रामाणिकपणे सांगते, जेवण उत्तम होते. आपल्या भाज्यांना कोणी असे मानाने ताटात बसवले की बरे वाटते. बिल आले तेव्हा ह्यांनी चष्मा पुसला. त्या रकमेत वहिनींकडे एक माणूस दोन महिने जेवला असता. भाचा म्हणाला, "आत्या, हिशोब नको करूस." मी म्हटले, "तुझ्या पैशांचा नाही रे, माझ्या मावशीच्या वहीचा करतेय."

याच आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसे गेली. बहुतेक तरुण. आनंदाच्या ठिकाणी जाताना ही आठवण काढू नये असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. मुलांना घेऊन जाल तेव्हा मेनू पाहण्याआधी बाहेर पडायचा रस्ता पाहून ठेवा.

लोअर परळ बदलले म्हणून गळा काढण्यात मला रस नाही. गिरण्यांच्या जमिनींचा नियम १९९१ साली आला तेव्हा जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक स्वस्त घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला आणि पहिले दोन वाटे आक्रसले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. झाले ते झाले. पण अजून चाळी पाडून इमारती उभ्या राहायच्या आहेत, नकाशे निघायचे आहेत. त्या नकाशांत वाहनतळ असतो, व्यायामशाळा असते. तळमजल्यावर चार चुली, दोन लांब बाके आणि हात धुवायची मोरी एवढी जागा खाणावळवालीसाठी राखली, तर कोणाचे काय बिघडेल? त्याच इमारतींची आणि हॉटेलांची राखण करणारी, भांडी घासणारी, घरोघर डबे पोचवणारी माणसे तिथे जेवतील. आणि आपणही जेवू.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे. लोअर परळला जरूर जा. संध्याकाळ मुलांच्या आवडीची असू द्या, पण दुपार डिलाईल रोडला द्या. एखाद्या चाळीच्या दाराशी चपलांची रांग दिसली तर "जेवण मिळेल का?" असे विचारायला लाजू नका. जमल्यास आदल्या दिवशी निरोप द्या, कारण तिथे भाकऱ्या माणसे मोजून होतात. सुटे पैसे बरोबर ठेवा. आणि दुपारी तीनच्या सुमारास बाके रिकामी करून द्या. दुसऱ्या पाळीची मुले यायची असतात.