हीटरच्या आधी टार्गेट

स्पंद-लेसरने वाढवलेल्या फिल्मचा क्ष-किरण आलेख मनासारखा आला नाही की पहिला हात हीटरकडे जातो. तापमान पन्नास अंशांनी चढवले की अणूंना पृष्ठभागावर फिरायला वाव मिळेल, ते योग्य जागी बसतील, हा त्यामागचा विचार. तो खोटा नाही. फिल्म ज्यावर वाढते तो सबस्ट्रेट थंड असेल तर चांगला स्फटिक होतच नाही. पण अणू कितीही फिरले तरी जे पोचलेच नाहीत ते कुठून येणार? किती पोचायचे हे बरेचसे टार्गेटवर, म्हणजे लेसर ज्या द्रव्याच्या चकतीवर आदळतो तिच्यावर, जेमतेम २० नॅनोसेकंदांच्या स्पंदात ठरते. म्हणून फिल्म सुधारायची तर तपास तिथून सुरू व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की टार्गेटचे रासायनिक प्रमाण फिल्ममध्ये जसेच्या तसे उतरते, हाच तर या पद्धतीचा लौकिक. १९८७ मध्ये बेलकोर या अमेरिकन संशोधन संस्थेत टी. वेंकटेसन आणि सहकाऱ्यांनी इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या अतिवाहक फिल्म अशा वाढवल्या, तेव्हापासून तो पक्का झाला. मात्र स्ट्रॉन्शियम टायटनेट त्याच्याच स्फटिकावर वाढवून पाहा. फिल्म आणि सबस्ट्रेट एकच पदार्थ, जालकाची लांबी दोन्हीकडे ३.९०५ अँगस्ट्रॉम, आलेखात दोन्ही शिखरे एकमेकांवर बसायला हवीत. दर चौरस सेंटीमीटरला पडणारी लेसर-ऊर्जा, म्हणजे फ्लुअन्स, योग्य मूल्यापासून ढळली की स्ट्रॉन्शियम-टायटॅनियमचे प्रमाण बिघडते, जालक उभ्या दिशेने ताणले जाते आणि फिल्मचे शिखर बाजूला सरकते. अशा फिल्मचा रॉकिंग कर्व्ह, म्हणजे नमुना किंचित कलवत मोजलेले शिखर, तरीही अरुंद असू शकतो, कारण ती सबस्ट्रेटला घट्ट धरून वाढलेली असते. म्हणूनच अरुंद कर्व्ह हाच दर्जाचा पुरावा मानणे मला पटत नाही.

‘फ्लुअन्स तर आम्ही रोज मोजतो,’ असेही उत्तर मिळते. कुठे मोजता, हे महत्त्वाचे. लेसरचा मीटर चेंबरबाहेरची ऊर्जा सांगतो. आत येणाऱ्या खिडकीवर प्रत्येक वाढीत थोडे द्रव्य साचते आणि टार्गेटवर पडणारी ऊर्जा हळूहळू घटते. किरणाचा कडेचा कमजोर भाग मास्कने कापला नसेल तर एकाच ठिपक्यात दोन-तीन फ्लुअन्स नांदतात. टार्गेट घासलेले नसेल तर त्यावर लेसरच्या दिशेने सुळके उगवतात, उडालेल्या द्रव्याचा झोत, म्हणजे प्लूम, कलतो, थेंब वाढतात. म्हणून वाढीआधी ऊर्जा खिडकीच्या आतल्या बाजूला मोजावी, ठिपक्याचे क्षेत्रफळ जळक्या कागदावर तपासावे, टार्गेट घासून शटर बंद ठेवून त्यावर काही वेळ लेसर चालवावा, आणि हे आकडे वहीत तापमानाच्या शेजारी लिहावेत.