टाळूवरची खपली

दीड महिन्याच्या नातवाला दुपट्यात गुंडाळून दवाखान्यात आलेल्या एका आजीबाईंनी, मी विचारपूस करण्यापूर्वीच, बाळाचे टोपडे उतरवून आपली कैफियत मांडली : ‘डॉक्टर, मी रोज न चुकता टाळू भरते, तरी ही खपली धरलीच, हिचेच दूध बाधले असणार.’ शेजारी उभी असलेली सून खाली पाहत राहिली. बालकांच्या त्वचारोगांच्या व्यवसायात ही फिर्याद मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिचा निकाल आता मला तोंडपाठ झाला आहे : आई निर्दोष, तेल मात्र अंशतः दोषी.

हा विकार बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत प्रकट होतो. टाळूवर, भुवयांत, कानांमागे आणि कधी मानेच्या व जांघेच्या वळ्यांत पिवळसर, तेलकट पापुद्रे धरतात, परंतु बाळ दूध ओढून पिते, स्वस्थ निजते, आणि त्याचे हे स्वास्थ्यच निदानाला सर्वांत मोठा आधार देते. गर्भावस्थेत आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे अर्भकाच्या तैलग्रंथी काही काळ उद्दीपित होतात असे मानतात; त्या स्निग्धतेवर, १८७४ साली फ्रेंच संशोधक मालासे यांनी कोंड्यात पाहिलेले आणि पुढे त्यांच्याच नावाने मालासेझिया म्हणून ओळखले गेलेले किण्व पोसले जाते. या किण्वाला स्वतःची मेदाम्ले निर्माण करता येत नाहीत. ती त्याला बाहेरून मिळवावी लागतात. अशा पाहुण्यासाठी टाळूवर अहोरात्र तेल जिरत ठेवणे म्हणजे अन्नछत्रच उघडणे! शिवाय टाळू मऊ म्हणून न्हाऊ घालणारी बाई तिथे हात लावायला कचरते आणि नेमकी तिथेच खपली साचते. वस्तुतः टाळूखालचे आवरण चिवट असते, हलक्या हाताने चोळल्यास त्याला इजा होत नाही.

म्हणून तेल वर्ज्य नव्हे, त्याची मुदत ठरलेली असावी. न्हाणाआधी पंधरा-वीस मिनिटे थोडेसे तेल लावून खपली मऊ करावी, मऊ ब्रशाने वा फडक्याने ती सैल करावी, आणि सौम्य शाम्पूने खपलीसह सगळे तेल धुऊन काढावे. नखाने खरवडू नये, कारण जखमेतून जंतुसंसर्ग होतो. त्वचा लालबुंद झाली तर किटोकोनाझोलचा शाम्पू किंवा सौम्य हायड्रोकॉर्टिझोन वैद्यकीय सल्ल्याने, मोजकेच दिवस वापरावे. मोठ्यांच्या कोंड्यावरील सॅलिसिलिक आम्लाची औषधे मात्र अर्भकाला लावू नयेत. ती कोवळ्या त्वचेतून शरीरात शोषली जातात. काहीही केले नाही तरी बहुतेक बाळांची खपली वर्षाच्या आत आपोआप जाते.

परंतु प्रत्येक खपली इतकी गरीब नसते. बाळ उशीवर डोके घासत असेल, गाल कोरडे व लाल असतील, तर तो इसब असू शकतो. खपलीत बारीक रक्ताळ ठिपके असतील आणि ती उपचारांना दाद देत नसेल, तर लँगरहान्स पेशींच्या दुर्मिळ विकाराची शंका घेऊन त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. व्यवसायाच्या आरंभी मी स्वतः एका बाळाच्या डोक्यावरील चकंदळ तीन आठवडे साधी खपली समजून धूत राहिलो. तिथले केस तुटलेले होते हे मला दिसले, पण उमगले नाही. अखेर त्याच्या थोरल्या बहिणीच्या डोक्यावरचा रुमाल सुटला आणि तिच्या केसांतली तशीच चकंदळे पाहून मला गजकर्णाचा उलगडा झाला. त्याला वरचे मलम पुरत नाही, पोटात औषध द्यावे लागते. तेव्हापासून मी बाळाबरोबर घरातल्या सर्व मुलांची डोकी पाहतो.

त्या आजीबाई महिन्याभराने पुन्हा आल्या. खपली जवळजवळ गेली होती; टाळू भरण्याची रीत त्यांनी सोडली नव्हती, फक्त पाठोपाठ न्हाणाची जोड दिली होती. वाचकांस माझे एवढेच सांगणे आहे की, घरातल्या बाळाच्या टाळूवर खपली दिसली, तर आईच्या दुधाची चौकशी आरंभण्यापूर्वी तेलाच्या वाटीकडे पाहावे.