विम्याचं कार्ड

लालबाग, परळ, काळाचौकी, करी रोड इथल्या, म्हणजे गिरणगावातल्या, चाळींत साधारण १९५५ ते १९६५ या काळात जन्मलेली आम्ही मुलं आता साठी-सत्तरीत आलो. चाळी बऱ्याचशा गेल्या, त्या जागी टॉवर उभे राहिले, आणि आमच्यातली निम्मी माणसं विरार-बदलापूरपर्यंत पांगली. तरी कुणाच्या लग्नात, कुणाच्या तेराव्याला एकत्र आलो की बोलणं हटकून तिथेच जातं: गणपती, भजनी मंडळं, गिरणीचा भोंगा, रातपाळीहून आलेल्या वडिलांची झोप मोडू नये म्हणून दुपारभर गॅलरीत हळू आवाजात खेळलेले पत्ते. अलीकडे त्यात आणखी एका विषयाची भर पडली आहे. गुडघे, साखर, बीपी सुरू झालं, दवाखान्याची बिलं हातात येऊ लागली, आणि मग कुणीतरी विचारतंच, "आपल्या लहानपणी औषधाला पैसे मोजल्याचं आठवतं का रे तुला?"

फारसं आठवत नाही. बहुतेकांच्या घरात विम्याचं कार्ड होतं.

आमच्याकडे ते पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या शेजारी असे. वडिलांचा विमा नंबर, ठरलेल्या डॉक्टरचं नाव आणि खाली घरातल्या माणसांची नावं, वयं. वर्षानुवर्षं घड्या पडून ते मधोमध फाटायला आलं होतं, म्हणून आईने मागून पातळ कागद खळीने चिकटवला होता. आईला लिहिता-वाचता येत नसे. पण आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारणी एकमेकींना कार्ड दाखवत, नव्या बाळाचं नाव चढलं का विचारत. ज्या बायकांचं नाव तोवर खोलीच्या भाडेपावतीवर नव्हतं, पगाराच्या पाकिटावर नव्हतं, त्यांचं नाव या एका कागदावर होतं आणि ते दाखवून त्या एकट्या दवाखान्यात जाऊ शकत होत्या. चाळीतल्या बाईसाठी ही मोठी गोष्ट होती, हे मला आता कळतं.

आमच्या आधीच्या पिढीला हे मिळालेलं नव्हतं. त्यांच्या गोष्टी आम्ही जेवताना ऐकत मोठे झालो. आजोबांच्या काळात आजारी पडणं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. गिरणीच्या दारात बदली कामगार रोज उभे असत. चार दिवस गैरहजर राहिलं की आपला साचा आपल्यालाच परत मिळेल याची खात्री नाही, सगळं जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर. परळला केईएम १९२६ पासून होतं, तिथे गरिबाला उपचार मिळत. पण तिथल्या रांगेत दिवस मोडायचा कुठून? औषध फुकट मिळालं तरी आजारी पडणं परवडत नव्हतं. मग ताप अंगावर काढायचा, खोकला अंगावर काढायचा, आणि अगदी पडलाच माणूस तर पठाणाकडून व्याजाने पैसे. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-पंधरा गाळेकरी, दोन पाळ्यांत झोपणारे. एकाला टीबी झाला की तो दुसऱ्याला होणारच. टीबी झालेल्या माणसाला बोटीत बसवून कोकणात धाडत. तो तिकडे जाऊन मरे, आणि मरण्याआधी घरातल्या आणखी एखाद्याला रोग देऊन जाई. आजीचे दोन भाऊ असे गेले. ती हे सांगताना रडत नसे, तांदूळ निवडत राही.

हे बदललं ते कायद्याने. कुणा शेठजीच्या धर्मादायाने बदललं नाही, हे मी आमच्या नातवंडांना मुद्दाम सांगतो. सुरुवातीचे तुकडे आधी आले: कामावर अपघात झाला तर भरपाई देणारा १९२३ चा कायदा, मुंबई प्रांतापुरता १९२९ चा प्रसूती लाभ कायदा. या दुसऱ्या कायद्याच्या विधेयकाला १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोरदार पाठिंबा दिला होता. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला नेमलं गेलं. वर्षभरात, १९४४ मध्ये, त्यांचा अहवाल आला. एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला. स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तिजोरीत खडखडाट होता, आणि तरी या देशाने हा कायदा केला. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत तो अमलात आला, १९५४ मध्ये मुंबईत.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. वर्गणी मालक आणि कामगार दोघांनी भरायची, पण ज्याची सरासरी रोजची मजुरी एक रुपयाहून कमी, त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही. त्याच्यासाठी फक्त मालकाने भरायचं. औषधपाणी मात्र सगळ्यांना सारखंच. ज्याच्या खिशात कमी, त्याने कमी द्यायचं आणि गरजेइतकं घ्यायचं, हे तत्त्व इतक्या साध्या कलमात बसवलेलं आहे.

गिरणगावाने हे लगेच डोक्यावर घेतलं असं नाही. "पगारातून कापतात" ही पहिली तक्रार. अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगत की रिंगखात्यात पहिले काही महिने नुसती कुरकुर होती. मग एकाला कावीळ झाली. तो घरी पडून राहिला आणि विम्याच्या लोकल ऑफिसातून त्याला पैसे मिळाले. पहिल्या दोन दिवसांचं काही मिळत नसे, पुढच्या दिवसांचं मिळे, निम्म्या मजुरीच्या आसपास. सुरुवातीला वर्षाकाठी ८ आठवड्यांपर्यंत, पुढे ९१ दिवसांपर्यंत. काम न करता पैसे हातात येण्याची ही त्या माणसाच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. शिवाय कायद्यात स्पष्ट लिहिलेलं, आजारपणाच्या काळात मालकाने कामगाराला कामावरून काढायचं नाही. जॉबरची मर्जी तिथे संपली. त्या दिवसापासून खात्यातली कुरकुर थांबली, असं अण्णा म्हणत.

सुरुवातीला हे फक्त कामगारापुरतं होतं. १९५८ पासून कुटुंबालाही वैद्यकीय मदत मिळू लागली, आधी मर्यादित, मग टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आमची पिढी बरोबर त्या सुमाराला जन्मली. मुंबईत पॅनल पद्धत होती: गल्लीतलाच खासगी डॉक्टर विम्याच्या यादीवर, त्याच्याकडे आपलं कार्ड लावायचं. औषधाची बाटली घरून धुऊन न्यायची. कंपाउंडर मोठ्या बरणीतलं लाल किंवा गुलाबी औषध ओतून बाटलीवर डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवत असे. त्या पट्टीचे दात मोजत आम्ही घरी यायचो. त्याच्याकडे नसलेलं औषध चिठ्ठी घेऊन ठरलेल्या केमिस्टकडून आणायचं. मोठं दुखणं असलं तर परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय किंवा वरळीचं कामगार रुग्णालय. भावाचं अपेंडिक्स यांतल्याच एका रुग्णालयात काढलं. आईने दिवसभर बाकावर बसून काळजी केली ती फक्त भावाची. पैशाची तिला करावी लागली नाही.

मावशी वाइंडिंग खात्यात होती. तिच्या सासूला बाळंतपणाच्या रजेचे पैसे मालकाकडून मागावे लागत, आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार तो मालक बायका कामावर घ्यायलाच नाखूश असे. विम्यात तो भार सगळ्यांच्या वर्गणीवर पडला. मावशीने १२ आठवडे हक्काने घेतले, तिन्ही वेळा. तिची तिन्ही मुलं आज धडधाकट आहेत.

आणि टीबी. आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत राहणारे काका शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात बरेच महिने होते. त्या काळी उपचार दीड-दीड वर्ष चाले, इंजेक्शनं आणि मूठभर गोळ्या. मध्येच सोडलं की रोग उलटायचा. टीबीसारख्या लांब दुखण्यांसाठी विम्याने वाढीव आजारपणाचा भत्ता ठेवला होता. त्या भत्त्यावर काकूने चूल चालवली. काकांना अर्धवट बरं होऊन साच्यावर परत जावं लागलं नाही, कोकणात जाऊन मरावंही लागलं नाही. ते बरे होऊन आले, पुढे वीस वर्षं आमच्या दहीहंडीचे थर तेच लावत. टीबी औषधाने जातो हे आम्हाला पुस्तकात शिकवलं. पण औषध घेत राहायला माणसाला घरी बसता आलं पाहिजे, हे काकांमुळे कळलं.

सगळं गोड नव्हतं. काही दवाखान्यांत रोख पैसे देणारा पेशंट आधी आत जाई आणि विम्याचे पेशंट बाकावर ताटकळत. "विम्याचं ना? थांबा जरा," हे वाक्य आमच्या पिढीने पुष्कळ ऐकलं आहे आणि ते टोचायचं. काही डॉक्टर पैसे घेऊन सिकचं सर्टिफिकेट देत, आणि शेतीच्या दिवसांत गावी जाण्यासाठी ती घेतलीही जात. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवलेला आहे, पण कार्डिंग आणि ब्लोरूममध्ये आयुष्य काढलेल्या किती माणसांना त्याची भरपाई मिळाली? सुट्टीनंतर सोमवारी खात्यात शिरलं की छाती आवळायची, हे त्या माणसांना ठाऊक होतं. बिडीचा खोकला म्हणून बहुतेकांची बोळवण झाली. याचा राग मला आजही आहे.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाबद्दल भरपूर लिहिलं गेलं. मला एकच सांगायचं आहे. पगार थांबला तशी विम्याची वर्गणी थांबली, आणि वर्गणी थांबल्यावर काही महिन्यांनी लाभही थांबतो. संप लांबला, माणसं खचली, आणि नेमकी तेव्हाच कार्डं निकामी झाली. आई एकदा कार्ड घेऊन दवाखान्यात गेली आणि तशीच परत आली. अण्णांचं नाव मस्टरवर नव्हतं. त्यांना दमा होता. पुढच्या वर्षांत आम्ही भांडी विकली, आईच्या बांगड्या विकल्या, आणि त्यातला मोठा भाग औषधांत गेला. पठाणाची जागा पतपेढीने आणि मारवाड्याच्या दुकानाने घेतली, एवढाच फरक. आजोबांच्या काळातली भीती एका पिढीच्या खंडानंतर आमच्या घरात परत आली.

त्याच चाळीत एक गृहस्थ होते, मशीनमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेलेले. त्यांना कायमच्या अपंगत्वाबद्दल दरमहा पैसे मिळत. गिरणी बंद पडली, तिची चिमणी पाडली, जमीन विकली गेली, तरी त्यांचे ते पैसे मरेपर्यंत येत राहिले. कारण तो हक्क त्या माणसाला चिकटलेला होता, नोकरीला नाही. अण्णांचा दमा मात्र नोकरीबरोबर वाऱ्यावर सोडला गेला. एकाच कायद्याची ही दोन कलमं आमच्या एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी राहत होती.

म्हणून आज कुणी आरोग्य योजनांची नावं सांगू लागलं की मी आधी विचारतो, हे कायद्याने आहे का आणि कुणाच्या नावावर आहे? महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. तिने अनेकांची ऑपरेशनं झाली, हे मान्यच. पण ती मुख्यतः हॉस्पिटलात दाखल झाल्यावरची मदत आहे. रोजच्या गोळ्यांची आणि बुडालेल्या मजुरीची नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदाच केला, असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. महाराष्ट्रातल्या कामगाराने रस्त्यावर उतरून जे हक्क मिळवले, त्यांच्या यादीत हा अजून यायचा आहे. तो यावा, आणि तो मस्टरवरच्या नावाला नव्हे, जिवंत माणसाला मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

तोवर हातात आहे ते तरी सोडू नका. आमच्या मुलांपैकी, भाच्या-पुतण्यांपैकी कितीतरी जण आज मॉलमध्ये, कुरिअरमध्ये, सुरक्षारक्षक म्हणून कंत्राटदारामार्फत काम करतात. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना हाच विमा लागू आहे. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा फक्त पाऊण टक्का आहे आणि मालकाचा सव्वातीन टक्के. पगाराची पावती काढा आणि ईएसआयची कपात दिसते का पाहा. दिसत असेल तर आपला विमा नंबर मागून घ्या, तो देणं कंत्राटदाराला बंधनकारक आहे. कपात नसेल तर का नाही, हे लेखी विचारा. आणि नंबर हातात आला की बायकोचं, मुलांचं, आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचं नाव त्यात आजच चढवून घ्या.