प्रोसेसर बदलू का, सर?

"गेमसाठी कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलू का?" असं मुलाने विचारलं की आपलं उत्तर बहुतेक तयारच असतं: आधी अभ्यास कर! पण आमच्या आपट्याच्या एका माजी विद्यार्थ्याने मला हे विचारलं, तेव्हा त्या प्रश्नामागे त्याचे स्वतःचे बारा हजार रुपये होते. गणपतीच्या हंगामात तो गाडीने हमरापूरला मूर्ती रंगवायला जातो. दोन हंगामांची ती कमाई. (आपटा स्टेशन म्हणजे 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट जिथे चित्रित झाला तेच. आमच्या पोरांना मात्र ते कामावर जायचं स्टेशन.) त्याचे वडील म्हणाले, "सर, पैसे त्याचेच आहेत. फक्त पाण्यात जाऊ नयेत."

त्याच्याकडे २०१९ सालचा चार कोरचा रायझन ३ ३२००जी. रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जीटीए ५ अडखळत चालायचा. दुकानात त्याला सांगितलं होतं, सहा कोरचा रायझन ५ ५६०० टाक, काम झालं.

मी म्हटलं, आधी मोजू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. विज्ञानाच्या तासाला आपण हेच सांगतो ना? व्ही-सिंक बंद केलं, गेममधली एकच जागा ठरवली आणि तीन वेळा मोजून सरासरी काढली. १९२० × १०८० वर सेकंदाला ३८ फ्रेम. मग फक्त रिझोल्यूशन १२८० × ७२० केलं. आकडा थेट साठीच्या पुढे गेला.

आता बघा, इथे खरी गंमत आहे. पहिल्या चित्रात २०,७३,६०० ठिपके, दुसऱ्यात ९,२१,६००. म्हणजे रंगवायचं काम सव्वादोन पटीने कमी झालं. पण गाडी कुठे वळणार, माणूस कुठे पळणार, हा प्रोसेसरचा हिशोब ठिपक्यांवर फारसा अवलंबून नसतो. ठिपके कमी केल्यावर वेग वाढला, याचा अर्थ अडत होतं ते रंगवणाऱ्याचं, हिशोब करणाऱ्याचं नव्हे. मूर्ती रंगवणाऱ्या पोराला हे मला दोनदा सांगावं लागलं नाही!

आणखी एक मोठी गोम होती. ३२००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं, रायझन ५ ५६०० मध्ये ते नसतंच. ग्राफिक्स कार्डाशिवाय तो बसवला असता, तर पडद्यावर काहीच दिसलं नसतं. नावापुढचं ते 'जी' अक्षर म्हणूनच नीट वाचायचं. ५६००जी वेगळा, ५६०० वेगळा.

मग टास्क मॅनेजर उघडून मेमरीचं पान पाहिलं. दोनपैकी एकच स्लॉट भरलेला. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, ते रॅममधूनच उसनं घेतं. रॅमची एकच स्टिक म्हणजे ये-जा करायला एकच वाट. त्याने पनवेलहून तशाच वेगाची ८ जीबीची जुनी स्टिक आणली. बारा हजारांतला लहानसाच भाग गेला. त्याच जागी, त्याच रिझोल्यूशनला आता सरासरी ५२. एका फ्रेमला लागणारा वेळ २६ मिलिसेकंदांवरून १९ वर आला. (हे गणित वर्गात जरूर घ्या, व्यस्त प्रमाणाला याहून जिवंत उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.)

मग प्रोसेसर कधी बदलायचा? बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आहे आणि ठिपके कमी करूनही वेग हलत नाही, तेव्हा. तेव्हासुद्धा जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालतो का, हे बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या यादीत पाहायचं आणि जुना काढायच्या आधी बायॉस अपडेट करायचं. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर ९० फ्रेमसाठी पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार.

पोरगा आता ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागला आहे. मी त्याला आधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचायला आणि किती वॅटचा आहे ते लिहून आणायला सांगितलंय.