पावसाळ्यात कॅमेरा बियाण्यासारखा ठेवा

आपल्या भिवंडीकडं जून ते सप्टेंबर घरातलं मीठसुद्धा पाझरतं. अशा हवेत कॅमेरा चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवला की लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक दिसते. काचेवरचा लेप एकदा खराब झाला की पुसूनही डाग जात नाही. भातावर करपा आहे की तुडतुड्यांनी चूड जळलाय, हे फोटोवरून सांगायचं तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना फोटो स्वच्छ लागतो. धुरकट फोटोवर चुकीचं औषध सांगितलं जातं, पैसा आपला जातो.

भाताचं बियाणं आपण 13 टक्क्यांच्या आत वाळवून हवाबंद ठेवतो ना, तसंच करायचं. रबरी कडेचा घट्ट डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा 40 ते 50 ठेवा. 60 च्या वर गेला की बुरशीला फावतं. 30 च्या खालीही नको, रबर सुकतं. नारंगी जेल हिरवी पडली की मंद आचेवर तापवून परत वापरता येते, पण स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

तांदळात कॅमेरा पुरायचं खूळ मात्र सोडा. ओलावा फारसा ओढत नाही, पीठ मात्र फटीत शिरतं.

शेतावरून आला की आधी कोरड्या कापडानं पुसा, पंख्याखाली ठेवा, मग डब्यात. बरेच दिवस लागणार नसेल तर बॅटरी काढून ठेवा. आणि पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा, बांधावरचे का होईना.